माऊसला हात न लावता

बोलून टाइप करणं आता नवीन राहिलं नाही. गूगलने २०१७ मध्ये मराठी व्हॉइस टायपिंग आणलं आणि त्यानंतर माइक दाबून मेसेज सांगणारे लोक घरोघरी दिसायला लागले, आमच्या बिल्डिंगमधल्या आजी तर कीबोर्ड उघडतच नाहीत. मला आज लिहायचंय ते याच्याच शेजारचं पण निराळं आहे, बोलून कॉम्प्युटर चालवणं. म्हणजे प्रोग्रॅम उघडायचा, या विंडोतून त्या विंडोत जायचं, एक विंडो डावीकडे लावायची, बटण दाबायचं, खाली स्क्रोल करायचं, फाइल सेव्ह करून बंद करायची, सगळं तोंडाने. ज्यांचे हात धड आहेत त्यांना ही गंमत वाटते. ज्यांचे हात दुखतात त्यांची रोजीरोटी यावर चालू राहू शकते, आणि मराठीत याबद्दल नीट कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझं काम अकाउंट्सचं, घरून. दुकानदारांची आणि काही छोट्या वर्कशॉपवाल्यांची पुस्तकं लिहिते, रिटर्न भरते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागलं, आधी बाटलीचं झाकण फिरवताना, मग कढई उचलताना, मग नुसता माऊस धरला तरी. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितलं तर कळ थेट कोपरापर्यंत गेली. डी क्वेरव्हेन म्हणतात या दुखण्याला, स्नायूला हाडाशी जोडणारे जे दोर, म्हणजे टेंडन, अंगठ्याकडे जातात त्यांच्या आवरणाला सूज येते, तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांना पण हेच होतं. स्प्लिंट मिळालं आणि हाताला विश्रांती द्या असं सांगितलं गेलं. मार्च तोंडावर होता, विश्रांती आणायची कुठून.

सगळ्यांनी आधी हेच सुचवलं की अगं बोलून टाइप कर ना. पण अकाउंट्सच्या कामात टायपिंग असतं किती? आकडे तर डाव्या हाताने पण टाकता येतात. हात खाऊन टाकतो तो माऊस. पीडीएफमधलं स्टेटमेंट बघा, एक्सेलला या, परत पीडीएफ, मग पोर्टल, तिथे ड्रॉपडाऊन, मग ड्रॉपडाऊनच्या आत अजून एक ड्रॉपडाऊन, मग ओके, मग मेल उघडून क्लायंटला विचारा की ही एंट्री कसली. दिवसभर हेच. म्हणून मला लिहून देणारं काही नको होतं, विंडो हलवणारं आणि क्लिक करणारं हवं होतं. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही आणि त्यामुळे ते डिक्टेशन करून बघतात, आपल्या कामाचं नाही म्हणतात आणि सोडून देतात, हे मी आता बऱ्याच जणांचं पाहिलंय.

विंडोज ११ मध्ये व्हॉइस ॲक्सेस नावाची सोय आधीपासून दिलेली आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात स्पीच, तिथे चालू करायचं. भाषांमध्ये इंग्लिश इंडिया आहे ते निवडायचं, पहिल्यांदा भाषेची फाइल डाऊनलोड होते आणि नंतर नेट नसलं तरी चालतं कारण आवाज ओळखायचं काम आपल्याच मशीनवर होतं. हे माझ्यासाठी फार मोठं आहे. समोर लोकांची बँक स्टेटमेंट उघडी, फोनवर त्यांच्याशी बोलणं चालू, आणि दिवसभर माइक सुरू, तो आवाज कुठल्या तरी सर्व्हरवर जाणार असता तर मी हे वापरलंच नसतं.

विंडोजमध्ये याच्या आधी पण बोलून चालवायची सोय होती, २००७ च्या विंडोज व्हिस्टा या आवृत्तीपासून. तिची बदनामी ती यायच्या आधीच झाली होती, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच जाहीर डेमोमध्ये माणूस 'डिअर मॉम' म्हणाला आणि स्क्रीनवर 'डिअर आँट' उमटलं, तो व्हिडिओ जगभर फिरला. सप्टेंबर २०२४ पासून विंडोज ११ वर त्या जुन्या सोयीची जागा व्हॉइस ॲक्सेसने घेतलीय. मी जुनी पण वापरून पाहिलेली आहे, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या मराठी वळणाच्या इंग्लिशला हे कुठेही अडत नाही. अडतं ते थर्टीन आणि थर्टीमध्ये, तेवढे आकडे नीट सुटे करून बोलावे लागतात.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगते. सकाळी 'ओपन एक्सेल' म्हणते, एक्सेल उघडतं. 'स्नॅप विंडो टू राइट', ते स्क्रीनच्या उजव्या अर्ध्यात जाऊन बसतं. मग स्टेटमेंटची पीडीएफ उघडून 'स्नॅप विंडो टू लेफ्ट'. दोन्ही समोरासमोर. मध्येच मेल बघायचा तर 'स्विच टू आउटलुक', झालं की 'मिनिमाइझ विंडो'. पानभर खाली जायचं तर 'स्क्रोल डाऊन', लांबलचक स्टेटमेंट असेल तर 'स्टार्ट स्क्रोलिंग डाऊन' म्हणून हात मांडीवर ठेवून बघत बसायचं आणि हवी ती एंट्री दिसली की 'स्टॉप स्क्रोलिंग'. कीबोर्डची कुठलीही किल्ली 'प्रेस' म्हणून दाबता येते, 'प्रेस कंट्रोल एस', 'प्रेस टॅब', 'प्रेस एफ फाइव्ह'. हिशोबाची जुनी सॉफ्टवेअर असतात ना, पूर्ण कीबोर्डवर चालणारी, ती यामुळे सगळ्यात छान चालतात, त्यांना माऊस लागतच नाही.

आणि मग 'शो नंबर्स'. सगळ्यात जास्त जीव माझा या कमांडवर आहे. हे म्हटलं की स्क्रीनवर जे जे दाबण्यासारखं आहे त्या प्रत्येकावर एक छोटा आकडा चिकटतो. मेन्यू, लिंक, चौकटी, बटणं, सगळ्यांवर. हवं त्याच्यावर सतरा लिहिलेलं असेल तर 'क्लिक सेव्हंटीन', की दाबलं गेलं. बटणाला नाव असेल तर आकड्याची पण गरज नाही, 'क्लिक सेव्ह' म्हटलं तरी होतं.

हे कसं होतं ते समजून घेतलं तर पुढच्या अडचणी पण समजतात. प्रत्येक नीट बनवलेला प्रोग्रॅम विंडोजला पडद्याआड एक यादी देत असतो, इथे बटण आहे, त्याचं नाव अमुक, इथे चेकबॉक्स आहे, तो टिक केलेला आहे वगैरे. एनव्हीडीएसारखे स्क्रीन रीडर दृष्टिहीन लोकांना जे वाचून दाखवतात ते याच यादीवरून, आणि व्हॉइस ॲक्सेसचे आकडे पण याच यादीवरून लागतात. म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमरने बटणाच्या जागी नुसतं चित्र टाकलं आणि नाव दिलंच नाही, किंवा सगळा स्क्रीन स्वतःच रंगवला, तर आम्हाला ते बटण डोळ्यांनी दिसतं पण आवाजाने दाबता येत नाही. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे जे डब्ल्यूसीएजीचे नियम आहेत त्यात २०१८ च्या २.१ आवृत्तीत यावर खास एक नियम घातलाय, की बटणावर जे लिहिलेलं दिसतं ते शब्द त्याच्या आतल्या नावात असलेच पाहिजेत, आणि तो सगळ्यात खालच्या म्हणजे अगदी किमान पातळीवरचा नियम आहे. वेबसाइट बनवणारे कुणी हे वाचत असतील तर कळकळीने सांगते, हे काम पाच मिनिटांचं असतं आणि तुम्ही ते केलं की नाही यावर आमच्यासारख्यांचा अर्धा दिवस ठरतो.

जिथे आकडे येत नाहीत तिथे 'शो ग्रिड'. स्क्रीनवर नऊ चौकोन येतात, एक ते नऊ. हवी ती जागा पाचमध्ये असेल तर 'फाइव्ह', मग त्या पाचचेच परत नऊ तुकडे होतात, परत आकडा, परत नऊ. साध्या १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर पहिला चौकोन ६४० बाय ३६० चा असतो, दुसऱ्यांदा २१३ बाय १२० चा, तिसऱ्यांदा साधारण ७१ बाय ४० चा. म्हणजे तीन आकडे बोलले की बटणाएवढ्या जागेवर पोचलात आणि चौथ्याला चेकबॉक्सवर. मग 'क्लिक'. वेळ लागतो, खोटं कशाला बोलू, पण कितीही अडेल सॉफ्टवेअर असलं तरी ग्रिडपुढे चालतंच. एका सरकारी पोर्टलवर तारीख निवडायचं कॅलेंडर आहे, त्यावर आकडे चिकटतच नाहीत, ते मी कायम ग्रिडने करते. कॅप्चा मात्र एकेक अक्षर म्हणून टाकावा लागतो आणि ओटीपी फोनवर बघावा लागतो, तिथे सुटका नाही.

मराठी वेबसाइटवर एक निराळीच गोष्ट होते. व्हॉइस ॲक्सेसला मराठी येत नाही. त्यामुळे बटणावर 'जतन करा' किंवा 'पुढे जा' असं लिहिलेलं असेल तर त्याचं नाव घेऊन ते दाबता येत नाही, दर वेळी आकडे लावून दाबायचं. बँकेच्या, नगरपालिकेच्या, सातबाराच्या साइट मराठीत असाव्यात ही आपली सगळ्यांची मागणी असते आणि ती बरोबरच आहे, फक्त बोलून चालवणाऱ्याला आज मराठी साइट इंग्लिश साइटपेक्षा अवघड जाते. ही गोष्ट मला फार लागते.

सुरू करणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. व्हॉइस ॲक्सेस सुरुवातीला कमांड आणि डिक्टेशन दोन्ही एकत्र ऐकतं, म्हणजे कमांड वाटली नाही तर ते सरळ टाइप करून टाकतं. फोनवरचं बोलणं एक्सेलच्या चौकटीत जाऊन बसायला नको असेल तर 'कमांड मोड' म्हणायचं, मग ते फक्त कमांडच घेतं, बाकी सोडून देतं. लिहायचं असेल तेव्हा 'डिक्टेशन मोड'. आणि कुणी घरी आलं, फोन आला, टीव्ही लागला तर 'म्यूट', परत 'अनम्यूट'. माइक तोंडाजवळचा हवा, साधा यूएसबी हेडसेट चालतो. लॅपटॉपच्या माइकला मिक्सर, पंखा, कुकरची शिट्टी, खालचा भाजीवाला सगळं ऐकू जातं, आणि मग लोक म्हणतात हे नीट चालत नाही. दिवसभर बोलून घसा पण दुखतो, कोमट पाणी जवळ ठेवायचं आणि हळू पण स्पष्ट बोलायचं, ओरडायची गरज नसते. भरलेल्या ऑफिसात बसणाऱ्यांना हे अवघड जाणार, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, मी घरून काम करते.

नंतर व्हॉइस शॉर्टकट पण आले, म्हणजे आपली कमांड आपण बनवायची. एका नावाखाली चार कामं बांधून ठेवता येतात, फोल्डर उघड, अमुक साइट उघड, ठरलेला मजकूर पेस्ट कर, अमुक किल्ल्या दाब. मी 'मंथ एंड' म्हटलं की रिटर्नचं फोल्डर, पोर्टल आणि माझी चेकलिस्टची एक्सेल उघडते. 'सेंड रिमाइंडर' म्हटलं की क्लायंटला पाठवायचा तोच तो मेलचा मजकूर पेस्ट होतो, बिलं पाठवा म्हणून. हातात दुखणं नसतं तरी मी हे ठेवलं असतं.

माझ्या बहिणीचे सासरे सांगलीला असतात, सत्तरीच्या पुढचे, हाताला कंप आहे. आवाज खणखणीत. नाट्यसंगीताचा नाद. माऊसने डबल क्लिक करायला गेले की हात हलून बाण दुसरीकडेच जायचा, म्हणून कॉम्प्युटरला हात लावणंच सोडलं होतं आणि नातवाची वाट बघत बसायचे. मी गेले तेव्हा त्यांच्या लॅपटॉपवर हे चालू करून दिलं. इंग्लिशची त्यांना सवय नाही, पण कमांड लागतात थोड्याच, त्या मी कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या पाठीमागे मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहिल्या, ओपन एज, शो नंबर्स, क्लिक आणि आकडा, स्क्रोल डाऊन, गो टू डेस्कटॉप, क्लोज विंडो, म्यूट. त्यांनी पहिल्यांदा 'शो नंबर्स' म्हटलं आणि सगळ्या स्क्रीनवर आकडे उगवले, तर काकूंना हाक मारली, "अगं ये इकडे, माझं ऐकतंय हे!" मग 'क्लिक फोर्टीन' म्हणून एक बंदिश लावली आणि पूर्ण होईपर्यंत कुणाला बोलू दिलं नाही. मला म्हणाले, "हे मराठीत का नाही गं? मी काय अवघड सांगतोय त्याला, उघड आणि बंद कर एवढंच तर सांगतोय."

त्यांचा प्रश्न रास्त आहे. पूर्ण बोलणं ओळखणं अवघड, त्यात हजारो शब्द, नावं, बोलीभाषा. कमांडला पन्नास शब्द पुरतात. पन्नासातला कुठला हे ओळखणं मशीनला कितीतरी सोपं जातं.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या मागे लागून आम्ही लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत सिस्टिमवर, थोडं करून पाहिलं. व्हॉस्क म्हणून एक मोफत सॉफ्टवेअर आहे, नेटशिवाय आवाज ओळखतं, त्याचं हिंदीचं छोटं मॉडेल ४०-४५ एमबीचं आहे, म्हणजे जुन्या लॅपटॉपवर पण चालतं, आणि त्या छोट्या मॉडेलला शब्दांची यादी देऊन सांगता येतं की फक्त यातलंच ऐक. भाच्याने डोकं लढवलं, हिंदी आणि मराठी दोन्हीत ज्यांचा उच्चार जुळतो असे शब्द निवडले, बंद, खाली, परत, पान. हिंदीत त्यांचा अर्थ काही का असेना, आवाज ओळखल्याशी मतलब. मग 'परत' ऐकलं की आधीची विंडो पुढे आणायची, 'खाली' ऐकलं की स्क्रोल. विंडो हलवायला डब्ल्यूएमसीटीआरएल आणि किल्ल्या दाबायला एक्सडूटूल, दोन्ही जुनी आणि मोफत, फक्त ती एक्सइलेव्हन या लिनक्सच्या स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर नीट चालतात, तिच्या जागी आलेल्या नवीन वेलँडवर बरंच काही अडतं. आकडे चिकटवणं, बटणांची यादी वाचणं यातलं आमच्याकडे काही नाही. तरी 'बंद' म्हटल्यावर मराठी माणसाच्या आवाजावर विंडो बंद झाली तेव्हा मला किती बरं वाटलं ते शब्दांत नाही सांगता येणार.

प्रोग्रॅमर लोक यात आपल्या फार पुढे आहेत हे पण सांगायला हवं, कारण त्यांच्यात पण हात दुखणारे खूप. २०१३ च्या पायकॉनमध्ये, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या परिषदेत, टॅव्हिस रड नावाच्या प्रोग्रॅमरने बोलून पायथनचा कोड लिहून दाखवला होता, त्याला पण हाताचं दुखणंच होतं आणि त्याने ड्रॅगन या आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर स्वतःच्या कमांड बांधल्या होत्या. ड्रॅगन मुळात जेम्स आणि जॅनेट बेकर या जोडप्याच्या कंपनीचं, १९९७ मध्ये त्यांनी सलग बोललेलं ओळखणारी आवृत्ती विकायला आणली, त्याच्या आधी प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागायचं. आता बोलून कोड लिहिणारे बरेच जण टॅलन वापरतात, रायन हाइलमनने बनवलेलं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. त्यात एबीसीसाठी एका झटक्यात बोलता येतील असे शब्द आहेत, एअर, बॅट, कॅप, ड्रम, म्हणजे बी आणि डी चा गोंधळ होत नाही. आणि बुबुळांवर नजर ठेवणारा कॅमेरा जोडला तर बघायचं तिथे बाण जातो आणि ओठांनी 'पॉप' असा आवाज काढला की क्लिक. शिकायला वेळ लागतो, माझ्यासारखीला एवढं लागत नाही, पण घरात कुणी कोडिंग करणारं असेल आणि मनगट धरून बसत असेल तर त्याला टॅलन नक्की दाखवा. मॅकवाल्यांना २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून व्हॉइस कंट्रोल आहे, आकडे आणि ग्रिड तिथेही आहेत. अँड्रॉइडवर व्हॉइस ॲक्सेस याच नावाचं गूगलचं ॲप आहे.

माझा हात आता बराच बरा आहे. तरी मी माऊसकडे परत गेले नाही, टायपिंग दोन्ही हातांनी आणि विंडो तोंडाने अशी वाटणी झालीय.

मराठी कमांड यायच्या तर मराठी आवाज लागणार, आणि ते आपण देऊ शकतो. मोझिलाचा कॉमन व्हॉइस म्हणून प्रकल्प आहे, त्यात मराठी आहे. साइटवर जायचं, मराठी निवडायचं, समोर एक वाक्य येतं ते वाचून रेकॉर्ड करायचं, आणि तो आवाजाचा साठा कुणालाही मोफत वापरता येतो. पुण्यातल्या माणसांचेच आवाज भरून उपयोग नाही, वऱ्हाडातले, कोकणातले, मराठवाड्यातले, कोल्हापूर-सांगलीकडचे हवेत, आणि म्हाताऱ्या माणसांचे तर हवेतच हवेत कारण गरज त्यांनाच जास्त आहे. सांगलीच्या काकांना, म्हणजे बहिणीच्या सासऱ्यांना, मी साइट उघडून दिलीय, ते 'शो नंबर्स' म्हणून स्वतः रेकॉर्डचं बटण दाबतात. ज्यांना बोलायचं नसेल त्यांनी दुसऱ्यांनी रेकॉर्ड केलेली वाक्यं ऐकून बरोबर की चूक एवढं सांगायचं, त्याचीही तितकीच गरज असते.